वरच्या काकांच्या वहीतील तीन नोंदी

मुद्रितशोधक यांचा प्रश्न

नमस्कार. प्रश्न एका वाक्याचा आहे, परंतु मागची हकीगत सांगितल्याशिवाय तो विचारण्यात अर्थ नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी चौथ्या मजल्यावर एकटी राहते आणि पुस्तकांची मुद्रिते तपासण्याचे काम घरून, बहुतेक वेळा रात्री, करते. माझ्या बरोबर वर, पाचव्या मजल्यावर, एक निवृत्त गृहस्थ राहतात. तेही एकटेच. आयुष्यभर त्यांनी एका प्रयोगशाळेत निरीक्षणे नोंदवण्याचे काम केले. आज मी त्यांना काका म्हणते. दोन वर्षे मात्र मी त्यांना 'पाचवा मजला' म्हणत होते आणि ते माझा उल्लेख 'खालच्या बाई' असा करीत होते, तोही तिसऱ्याच कोणाजवळ, कारण आमच्यात बोलणे उरले नव्हते.

भांडणाचे कारण आवाज. मध्यरात्रीनंतर कधीतरी माझ्या छतावर कोणी जड वस्तू टाकावी तसे 'ठक्' होत असे. कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. हातातल्या कामावरून लक्ष उडे आणि मग पुढचे ठक् केव्हा होणार याची वाट पाहण्यात अर्धा तास जाई, आणि हे वाट पाहणे प्रत्यक्ष आवाजापेक्षा वाईट होते. मी वर जाऊन सांगितले, तेव्हा काकांनी दार अर्धेच उघडून, आवाज आपण करीत नसून मीच खालून छत ठोकते आणि त्यांची झोपमोड करते, असे मला सुनावले. चोराच्या उलट्या बोंबा याखेरीज मला दुसरे काही सुचले नाही, आणि ते मी बोलूनही दाखवले.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत आमचे विळ्या-भोपळ्याचे सख्य पक्के झाले. काकांनी माझ्या दाराखालून एक पत्र सरकवले: 'आपण जाणिवपूर्वक चालविलेला हा प्रकार तात्काळ थांबवावा.' मी लाल शाईने 'णि' दीर्घ केली, 'तात्काळ'चे 'तत्काळ' केले, समासात 'मजकुरातील आरोपही दुरुस्त करावा' असा शेरा मारला आणि तेच पत्र त्यांच्या दाराखालून परत सरकवले. त्या दिवशी मोठी लढाई जिंकल्यासारखे वाटले होते. त्यानंतर मी इमारतीच्या समितीकडे लेखी तक्रार केली आणि तिच्यावर आणखी अकरा जणांच्या सह्या मिळवल्या. त्या अकरांपैकी निदान आठ जणांनी तो आवाज कधी ऐकलाही नव्हता.

साडेचार महिन्यांपूर्वी एका रात्री पावणेतीनच्या सुमारास पुन्हा ठक् झाले आणि माझा संयम संपला. आवाजाच्या तारखा आणि वेळा मी पुरावा म्हणून एका जुन्या दैनंदिनीत लिहीत असे. ती घेऊन मी जिना चढू लागले. मधल्या वळणावर काका समोरून उतरत आले. त्यांच्या एका हातात विजेरी होती आणि दुसऱ्या हातात वही. दोघेही एकाच कामाला निघालो होतो. मी तोंड उघडणार, इतक्यात भिंतीतून ठक् झाले. त्या वेळी त्यांच्या घरात कोणी नव्हते, माझ्या घरातही कोणी नव्हते. दोघे जिन्यात एकमेकांसमोर उभे होतो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग काकांनी विजेरीचा झोत मनगटावर पाडला आणि विचारले, "तुमच्या घड्याळात किती झाले?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघडल्या. त्यांच्या वहीत पट्टीने आखलेले रकाने होते: तारीख, वेळ, ठोक्यांची संख्या, तीव्रता (एक ते तीन), शेरा. माझ्या वहीत वेळेपुढे 'असह्य', 'पुन्हा', 'हद्द झाली' अशी विशेषणे होती. पहिली नोंद त्यांची २.४३ आणि माझी २.४०, दुसरी त्यांची ३.१६ आणि माझी ३.१३. पाच-सहा नोंदी झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "माझे घड्याळ तीन मिनिटे पुढे असते." दोन वर्षे आम्ही एकाच आवाजासाठी एकमेकांना दोष देत होतो, आणि त्याचा पुरावा दोघांनीही अत्यंत निष्ठेने गोळा केला होता.

पुढचे पाच आठवडे आम्ही तो आवाज शोधण्यात घालवले. काका गच्चीवर टाकीजवळ, मी तळमजल्यावर पंपाच्या खोलीबाहेर, दोघांचे फोन चालू. अशा रात्री काढल्या. शेवटी आवाजाची वेळ पंप बंद होण्याच्या क्षणाशी जुळली. समितीने माणूस बोलावला, त्याने पंपावरच्या नळातील, पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बदलला आणि ठक् थांबले. त्याला आता दोन महिने होत आले.

आवाज थांबला, परंतु काकांचे येणे थांबले नाही. ते रोज संध्याकाळी खाली येतात. स्वतः लिहिलेली पत्रे तपासायला देतात. त्यांत 'जाणीवपूर्वक' हा शब्द गरज नसतानाही, माझ्याकडे पाहत, घातलेला असतो. माझे भिंतीवरचे घड्याळ त्यांनी स्वतः लावून दिले, मात्र स्वतःच्या घड्याळाप्रमाणे, त्यामुळे आता आम्ही दोघेही उरलेल्या इमारतीच्या तीन मिनिटे पुढे आहोत.

आता प्रश्न. वह्या जुळवल्या तेव्हा काकांच्या वहीतील तीन नोंदींना माझ्या वहीत जोड सापडली नव्हती. त्या तिन्हींपुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. त्या तीन नोंदी म्हणजे मी आहे. तीन वेगवेगळ्या रात्री, आवाज झालेला नसताना, केवळ आदल्या रात्रीचा वचपा काढण्यासाठी मी झाडूचा दांडा उलटा धरून छत ठोकले होते. म्हणजे निदान तीन रात्री त्यांचा आरोप शब्दशः खरा होता. ही गोष्ट मी एव्हाना विसरलेही असते, परंतु काका विसरलेले नाहीत. या वेळा पंपाच्या वेळांशी जुळत नाहीत, म्हणजे नळांत आणखी एक दोष आहे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि न्हाणीघराच्या भिंतीमागची नळांची पोकळी, म्हणजे डक्ट, दोन्ही मजल्यांवर उघडून पाहावी असा अर्ज ते समितीला देणार आहेत. अर्जाचा कच्चा मसुदा शुद्धलेखनासाठी माझ्याकडेच आला आहे.

सांगावे का? सांगायचे तर कसे?

जिन्याखालचा

सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांचे वैर संपून जे जमले आहे, ते तीन ठोक्यांच्या हिशेबासाठी पणाला लावण्यात मला शहाणपण दिसत नाही. डक्ट उघडण्याविषयी एवढेच सांगा की, आवाज दोन महिने बंद आहे, तो पुन्हा आला तर पाहू. ज्येष्ठ माणसांचा उत्साह असा थोडा लांबणीवर टाकला की बहुधा आपोआप मावळतो. आपण काही चोरी केलेली नाही, त्या वेळी त्यांनीही तुम्हाला थोडे बोल लावले नव्हते, आणि एका हाताने टाळी वाजत नाही.

नळजोडणी

इमारतींच्या पाणीपुरवठ्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि शेजाऱ्यांची भांडणे लावणारी जी कारणे मी पाहिली, त्यांत हा व्हॉल्व्ह फार वरच्या क्रमांकावर आहे. म्हणून आधी थोडे त्याविषयी, मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पंप चालू असताना गच्चीवरच्या टाकीकडे चढणारा पाण्याचा उभा स्तंभ पंप बंद होताच मंदावतो, थांबतो आणि लगेच उलटा खाली येऊ लागतो. व्हॉल्व्हची झडप त्याआधी मिटली पाहिजे. झिजलेली किंवा जड झडप उशिरा मिटते. तोवर पाण्याने उलट्या दिशेने वेग घेतलेला असतो आणि ते झडपेसकट आपटते. यालाच आम्ही पाण्याचा हातोडा म्हणतो. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे त्याला एकदम अडवले की त्याचा वेग दुसरे कोठे जाऊ शकत नाही, त्याचा दाब होतो. सेकंदाला फक्त एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, वाहणारे पाणी पोलादी नळात क्षणात थांबवले, तर दाब सुमारे १२ ते १४ बारने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितक्याच पटींनी, उसळतो. निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर केलेल्या प्रयोगांच्या आधारे १८९८ मध्ये याचे गणित मांडले, आणि आजही आम्ही तेच वापरतो. दाबाची ही लाट नळातून सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने धावते आणि नळ जेथे भिंतीला किंवा स्लॅबला घट्ट टेकलेला असतो, तेथे भिंतच वाजू लागते. कधी एक ठोका आणि कधी दोन, याचेही कारण असते. टाकी भरत आली की पाण्याच्या हेलकाव्याने तरंगता स्विच वर-खाली होतो आणि पंप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद होतो.

आवाज 'वरून' किंवा 'खालून' येतो असे दोघांनाही वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण ओळखतो ते मुख्यतः तो दोन कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतील आणि त्याच्या तीव्रतेतील फरकावरून. वेळेचा हा फरक फार झाला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. संपूर्ण स्लॅब आणि चारही भिंती एकदम वाजल्या की असा काही धागा कानांच्या हाती लागत नाही. मग माणूस जेथे दुसरा माणूस राहतो हे त्याला ठाऊक असते, तेथे आवाजाची जागा नेमून देतो. खालच्याला वरचा सापडतो, वरच्याला खालचा. तळमजल्यावरचा पंप कोणालाच सापडत नाही, कारण पंपाशी कोणाचे वैर नसते.

आता डक्टविषयी. ते उघडू देऊ नका. न्हाणीघराच्या भिंतीची फरशी फोडावी लागते, फरशीमागचा पाणी अडवणारा थर तुटतो, आणि तो पूर्वीसारखा क्वचितच जमतो. मग चार-सहा महिन्यांत खरोखरची गळती सुरू होते आणि आजवर नसलेले भांडणाचे खरे कारण मिळते. आजार नसताना शस्त्रक्रिया कशासाठी?

आणि एक गोष्ट सुचवतो. नळाचा ठोका आणि लाकडी दांड्याचा ठोका सारखे नसतात. नळाच्या ठोक्यामागे सगळा पाण्याचा स्तंभ असतो, दांड्यामागे एका माणसाचा हात. काकांच्या वहीत तीव्रतेचा रकाना आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्या तीन नोंदींपुढे तेथे काय लिहिले आहे, ते एकदा पाहा. ज्या माणसाने आयुष्यभर निरीक्षणे नोंदवली, त्याच्यापासून आपण काही लपवले आहे असे समजणे थोडे धाडसाचे आहे.

दुसरा जिना

वरचे स्पष्टीकरण वाचून एका जुन्या अभ्यासाची आठवण झाली. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तीन संशोधकांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या वेस्टगेट या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची मैत्री कोणाशी होते हे पाहिले आणि १९५० मध्ये ते प्रसिद्ध केले. एकाच मजल्यावर अगदी शेजारी राहणाऱ्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हणून सांगण्याचे प्रमाण ४१ टक्के होते, आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांबाबत ते १० टक्क्यांवर आले. अंतर मोजून काही मीटरांचे. हा अभ्यास सगळेच सांगतात. त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला दुसरा मात्र फारसा कोणी सांगत नाही. १९७६ मध्ये एबेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील एका गृहसंकुलात मित्रांबरोबर नावडत्या माणसांचीही नावे विचारली, तेव्हा मित्र जवळ राहतात हे खरे ठरलेच, परंतु नावडती माणसे त्यांच्याहूनही जवळ राहतात असे आढळले. कारण उघड आहे. लांबचा माणूस आवडता होऊ शकतो. मात्र आपल्या झोपेत, दारात, पार्किंगमध्ये ढवळाढवळ करण्याची सोय फक्त जवळच्या माणसालाच असते. म्हणून वैरी शेजाऱ्याशी मैत्री होणे मला तितकेसे अद्भुत वाटत नाही. जे अंतर वैर घडवते तेच मैत्रीही घडवते, फक्त मध्ये काय आहे यावर सगळे अवलंबून असते.

मुझफर शेरीफ यांचा १९५४ चा प्रयोगही येथे लागू पडतो. ओक्लाहोमातील एका शिबिरात त्यांनी ११ वर्षांच्या आसपासच्या २२ मुलांचे दोन गट केले, स्पर्धा लावून त्यांच्यात वैर निर्माण होऊ दिले आणि मग ते मिटवण्याचे उपाय करून पाहिले. दोन्ही गटांना नुसते एकत्र बसवल्याने काहीच साधले नाही, उलट भांडायला नवी संधी मिळाली. उपयोग झाला तो दोघांना मिळूनच सुटेल अशा अडचणींचा, आणि गंमत म्हणजे त्यांतील पहिली अडचण पाण्याची होती. शिबिराचे पाणी बंद पडले आणि दोन्ही गटांना टाकी व नळ मिळून तपासावे लागले. त्या कामापुरती मुले एक झाली, आणि थोड्याच वेळात पुन्हा एकमेकांना चिडवू लागली. वैर ओसरण्यासाठी अशी बरीच कामे एकामागून एक करावी लागली. (शेरीफ यांच्या प्रयोगावर आक्षेपही आहेत, मुलांमध्ये भांडण पेटवण्यात संशोधकांचाच हात होता, हा त्यांतील सर्वांत वजनदार.)

तुमच्या बाबतीत पहिले काम पुरे झाले, आणि काका दुसरे शोधत आहेत. त्यांच्या अर्जाकडे मी तसे पाहतो. कदाचित त्यांना तो आवाज इतका महत्त्वाचा नसेल. फोन चालू ठेवून एक गच्चीवर आणि एक तळमजल्यावर, अशा रात्री त्यांना पुन्हा हव्या असतील. परंतु हे दुसरे काम तुम्ही प्रामाणिकपणे करू शकणार नाही. त्या पोकळीत काका तुम्हालाच शोधणार आणि तुम्ही बाजूला विजेरी धरून उभ्या राहणार, हे चित्र मला पाहवत नाही. सांगून टाका, आणि मग एखादे खरे काम शोधा. कोणत्याही इमारतीत त्यांची वाण नसते.

माजी सचिव

प्रश्नाच्या भावनिक बाजूवर बोलण्याचा अधिकार माझा नाही, परंतु एक कागद सगळेच विसरलेले दिसतात. बारा सह्यांची ती तक्रार समितीच्या दप्तरात अजूनही आहे. तोंडी समेट झाला म्हणून तक्रार मिटत नाही; सभेच्या इतिवृत्तात ती प्रलंबित म्हणून राहते, आणि काही वर्षांनी, तुम्ही दोघे तेथे राहत नसतानाही, कोणीतरी ती बाहेर काढू शकते. तेव्हा आधी लेखी पत्र देऊन ती मागे घ्या, पत्रात आवाजाचे खरे कारण आणि व्हॉल्व्ह बदलल्याची तारीख लिहा, आणि पत्र पोचल्याची नोंद घ्या. ज्यांनी आवाज न ऐकता सह्या केल्या त्यांना हे रुचणार नाही. माझा अनुभव असा की, दोन भांडणारे एक झाले की त्यांच्या बाजूने भांडणारे सर्वांत जास्त दुखावतात. त्यांना एकेकट्याने गाठून सांगा, सभेत नको.

लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलेले पत्र मला मिळाले असते, तर मी त्या बाईंना त्याच महिन्यात समितीवर घेतले असते.

भिंतीपलीकडची

जिन्याखालचा यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि माझे कारण अनुभवाचे आहे. माझे आणि शेजारच्या काकूंचे, सामाईक भिंतीवरून, तीन वर्षे वाकडे होते. पुढे त्यांचा पाय मोडला तेव्हा मी त्यांची कामे करू लागले आणि आमचे सूत इतके जुळले की, दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकींकडे असत. भांडणाच्या काळात समितीकडे माझ्याविरुद्ध एक निनावी पत्र गेले होते. ते काकूंनीच लिहिले असणार, हे मला मनात माहीत होते आणि त्याचे मला काही वाटतही नव्हते. दीड वर्षाने ते एका तिसऱ्या माणसाने मला हसत-हसत सांगितले, आणि तेव्हा मात्र फार लागले. मी त्यांच्या पायाला पट्टी बांधत बसायचे त्या संध्याकाळी आठवू लागले आणि प्रत्येक संध्याकाळी त्यांना हे सांगता आले असते, असे वाटत राहिले. आम्ही अजून बोलतो. किल्ली मात्र मी परत घेतली.

एक विचारते: तुमच्या त्या तीन ठोक्यांविषयी तुमच्याखेरीज आणखी कोणाला ठाऊक आहे का? सह्या गोळा करताना तुम्ही कोणाला बोलला असाल तर उशीर करू नका.

मुद्रितशोधक

भिंतीपलीकडची, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मी तेव्हा फुशारकीने सांगितले होते. उद्या संध्याकाळी काकांना सांगते.

मुद्रितशोधक, नऊ दिवसांनी

सांगितले. कसे सांगायचे याची बरीच वाक्ये तयार केली होती. त्यांतील एकही उपयोगी पडले नाही. काका अर्जाचा मसुदा तपासून झाला का विचारायला आले, तेव्हा मी कोपऱ्यातला झाडू आणून टेबलाशेजारी उभा केला आणि म्हणाले, "काका, दुसरा दोष हा आहे." त्यांनी झाडूकडे पाहिले, छताकडे पाहिले. दांड्याच्या टोकाने छताच्या रंगावर पडलेले तीन बारीक चंद्राकार व्रण मला तोवर कधी दिसले नव्हते. त्यांना ते एका नजरेत दिसले. "बरे," एवढेच म्हणून ते वर गेले.

चार संध्याकाळी ते आले नाहीत. मध्यंतरी मी माजी सचिव यांच्या सल्ल्याप्रमाणे तक्रार मागे घेतल्याचे पत्र देऊन पोच घेतली. सह्या करणाऱ्यांपैकी दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि एकाने तर मला 'फितूर' म्हटले. त्या चार दिवसांत वरून काहीही आवाज आला नाही, खुर्ची सरकवल्याचासुद्धा, आणि इतकी शांतता मला दोन वर्षे हवी होती.

पाचव्या संध्याकाळी घंटा वाजली. काका वही घेऊन आले होते. टेबलाशी बसून त्यांनी पान उघडले आणि म्हणाले, "तीन नव्हेत, चार." नळजोडणी यांचा अंदाज खरा होता: माझ्या तिन्ही नोंदींपुढे तीव्रतेच्या रकान्यात 'एक' लिहिलेले होते, आणि पंपाच्या सगळ्या नोंदी दोन किंवा तीन होत्या. परंतु आणखी एका नोंदीपुढेही 'एक' होते. रात्री १.२०, ठोके दोन. "ही तुमचीच का?"

मी तारीख पाहिली. त्या रात्री मी घरी नव्हते, कामासाठी परगावी गेले होते; म्हणून माझ्या दैनंदिनीत ते पान कोरे होते आणि आम्ही वह्या जुळवताना ते ओलांडून गेलो होतो. "काका, ही माझी नाही," असे म्हणून मी प्रवासाचे तिकीट शोधायला आत गेले, कारण ते त्याच दैनंदिनीत कोठेतरी खुणेसाठी ठेवलेले असते. पाच-सहा मिनिटे लागली असतील. तिकीट घेऊन बाहेर आले, तर काकांनी चौथ्या नोंदीपुढचे प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसून तेथे 'नळ' असे लिहूनही टाकले होते आणि रबराचा चुरा ते टेबलावरून तळहातावर गोळा करीत होते. तिकिटाकडे त्यांनी पाहिले नाही. मी ते परत दैनंदिनीत ठेवले.

डक्टचा अर्ज त्यांनी फाडून टाकला आहे. त्याऐवजी गच्चीवरच्या टाकीतला तरंगता स्विच नीट काम करतो का, हे पाहावे असे त्यांच्या मनात आहे. शनिवारी रात्री मी पंपाच्या खोलीबाहेर आणि ते वर, असे ठरले आहे.

वही मिटण्याआधी त्यांनी ती माझ्याकडे वळवली. माझ्या तिन्ही नोंदींपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिले होते: 'खालच्या बाईंची कबूली'. मी तो शब्द पाहिला, त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, "दुरुस्त करू का?"

काकांनी खिशातून लाल पेन काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तत्काळ."